सर्व्हरच्या बातम्या कोटेशन समोर ठेवून कशा वाचाव्यात

सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्किंगचा माल विकणाऱ्या व्यावसायिकासमोर रोज ज्या बातम्या येऊन पडतात, त्यातल्या बहुतेक त्याच्या कामाच्या नसतात. एखाद्या अमेरिकी क्लाउड कंपनीने किती जीपीयू (एआयच्या कामाच्या चिप) मागवले किंवा कोणत्या चिपने कोणत्या चाचणीत कोणाला मागे टाकले, हे वाचायला रंजक असते. पण चाकणच्या कारखान्याला दोन रॅक सर्व्हर देणाऱ्या किंवा सहकारी बँकेची सर्व्हर रूम बदलून देणाऱ्या रिसेलरचे त्यावाचून काही अडत नाही. त्याचे अडते ते वेगळ्याच ठिकाणी. तीस दिवसांची मुदत घालून पाठवलेल्या कोटेशनमधली मेमरी आठव्या दिवशी डिस्ट्रिब्युटरकडे महाग होते. निविदेत भरलेले मॉडेल ऑर्डर हातात पडेपर्यंत बंद झालेले असते. सॉफ्टवेअरच्या परवान्याचा हिशेबच बदलतो आणि ग्राहकाला सांगितलेला एकूण आकडा तोंडघशी पाडतो. या तिन्ही गोष्टींची चाहूल देणारा मजकूर आधी कुठे ना कुठे छापून आलेला असतो. तो वेळेवर सापडावा, यासाठी बातमी वाचताना एकच प्रश्न विचारावा: आपल्या खुल्या कोटेशनांपैकी कोणत्या ओळीत या बातमीने फरक पडतो? उत्तर ‘कोणत्याच नाही’ असे आले, तर पुढच्या बातमीकडे वळावे.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी खुल्या कोटेशनांची यादी समोर असावी लागते. एक्सेलची एक शीट पुरते. त्यात ग्राहकाचे नाव, कोटेशनची तारीख व मुदत, सर्व्हरचे मॉडेल, प्रोसेसर, मेमरीचा प्रकार आणि नग, डिस्क, सोबत विकले जाणारे परवाने, डिस्ट्रिब्युटरने दिलेल्या दराची मुदत आणि सर्व्हर कंपनीने त्या व्यवहारासाठी मंजूर केलेल्या खास दराची मुदत एवढे रकाने ठेवावेत. शेवटचे दोन रकाने बहुतेक ठिकाणी भरलेलेच नसतात आणि तोटा बहुधा तिथूनच होतो. दुसऱ्या शीटवर आतापर्यंत विकलेल्या यंत्रांचे सिरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि वॉरंटी संपण्याची तारीख असावी. तिचा उपयोग पुढे येईल.

घोषणा, पुरवठा आणि आपल्या हातात येणारा माल

नव्या प्रोसेसरची बातमी वाचताना तीन तारखा वेगळ्या काढाव्यात: घोषणेची, सर्व्हर कंपनीने त्या प्रोसेसरचे मॉडेल विक्रीला काढल्याची आणि भारतातल्या डिस्ट्रिब्युटरकडे त्याचा पार्ट नंबर बिलिंगसाठी खुला झाल्याची. बातमीत पहिली तारीख ठळक असते आणि ग्राहकाचा फोन तिच्याच आधारे येतो.

इंटेलच्या झिऑन ६ चे उदाहरण घ्यावे. जून २०२४ मध्ये ‘झिऑन ६ बाजारात’ अशा बातम्या आल्या, तेव्हा प्रत्यक्षात फक्त ६७००ई ही लहान, कमी वीज खाणाऱ्या कोरांची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-केंद्रांची) मालिका आली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ६९००पी आली. तिचा सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसवण्याची जागा, वेगळा, मोठा आणि मुख्यतः मोठ्या डेटा सेंटरांच्या कामाचा. सर्वसाधारण कंपनी ईआरपी किंवा डेटाबेससाठी जो दोन सॉकेटचा सर्व्हर घेते, त्याला साजेशी ६७००पी आणि ६५००पी ही मालिका फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. म्हणजे जूनमधली बातमी वाचून ‘थोडे थांबू, नवे येते आहे’ असे ग्राहकाने ठरवले असते, तर त्याला नुसत्या घोषणेसाठीच आठ महिने आणि प्रत्यक्ष मालासाठी त्याहून अधिक थांबावे लागले असते. अशा वेळी ग्राहकाला मालिकेचे पूर्ण नाव विचारावे. बहुतेकदा त्याला ते ठाऊक नसते आणि मग त्याला खरोखर काय हवे आहे, या विषयावर बोलणे सुरू करता येते.

सॉकेटची माहिती बातमीत शेवटच्या परिच्छेदात दडलेली असते, पण आपल्या दृष्टीने ती पहिली. जानेवारी २०२३ मध्ये आलेले चौथ्या पिढीचे झिऑन आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेले पाचव्या पिढीचे झिऑन एकाच सॉकेटवर बसतात. झिऑन ६ त्यावर बसत नाही. एएमडीकडे नोव्हेंबर २०२२ मधली जेनोआ आणि ऑक्टोबर २०२४ मधली ट्यूरिन ही दोन्ही एपिक प्रोसेसरांची कुटुंबे एसपी५ सॉकेटची आहेत. तरीही ‘जुन्या सर्व्हरमध्ये नवा प्रोसेसर टाकून देतो’ असा शब्द देऊ नये. ट्यूरिनमधले वरचे प्रोसेसर ५०० वॉटपर्यंत जातात. ते त्या विशिष्ट मदरबोर्डावर, त्या हीटसिंकखाली आणि त्या पॉवर सप्लायवर चालतील की नाही, हे सर्व्हर कंपनीच्या सुसंगततेच्या यादीत पाहूनच ठरवावे लागते. चिप कंपनीच्या बातमीतून याचे उत्तर मिळत नाही.

मॉडेल बंद होण्याच्या सूचनेतही असेच टप्पे असतात: विक्री थांबण्याची तारीख, शेवटची ऑर्डर घेण्याची तारीख, शेवटची डिलिव्हरी आणि सुट्या भागांसह कंपनीचा आधार (सपोर्ट) संपण्याची तारीख. सरकारी किंवा विद्यापीठाच्या निविदेत भाव उघडल्यापासून खरेदी आदेश येईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. तेव्हा निविदेत भरण्याआधी त्या मॉडेलची शेवटची ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत घेतली जाईल, हे कंपनीच्या प्रतिनिधीकडून ईमेलवर मागून घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा माणूस तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असू शकतो.

मेमरीचे भाव

सध्या रिसेलरचे मार्जिन सर्वांत जास्त कुठे जळत असेल, तर ते मेमरीत. त्यामुळे या एका विषयाच्या बातम्या नीट, सविस्तर वाचाव्यात.

जगातली बहुतांश डीरॅम मेमरी, म्हणजे सर्व्हरची मुख्य रॅम, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या जीपीयूंना लागणारी एचबीएम ही थरांवर थर रचलेली मेमरी याच कंपन्या बनवतात आणि तिला सिलिकॉनच्या वेफर जास्त लागतात. तेवढीच मेमरी डीडीआर५ मध्ये, म्हणजे नव्या सर्व्हरच्या साध्या रॅममध्ये, बनवण्याच्या तुलनेत साधारण तिप्पट, असे मायक्रॉननेच सांगितले आहे. म्हणून एचबीएमची मागणी वाढल्याची बातमी वरकरणी आपल्या धंद्यापासून दूरची वाटली, तरी काही महिन्यांनी ती साध्या सर्व्हर रॅमच्या भावात उतरते. २०२५ च्या उत्तरार्धात हेच झाले. डीरॅमचे भाव झपाट्याने चढले आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने क्रुशिअल या नावाने चालणारा आपला ग्राहकोपयोगी मेमरी व एसएसडीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. माल डेटा सेंटरच्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे वळवायचा, हे त्यामागचे कारण कंपनीने लपवले नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर क्रुशिअलच्या पट्ट्या विकणाऱ्या दुकानदारासाठी ती एका ब्रँडची बातमी होती. सर्व्हर विकणाऱ्यासाठी ती टंचाई किती खोल गेली आहे, याची खूण होती.

भावाच्या बातमीत दोन आकडे येतात. कॉन्ट्रॅक्ट भाव म्हणजे मेमरी कंपन्या आणि सर्व्हर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या यांच्यात साधारण तिमाहीसाठी ठरणारा भाव. स्पॉट भाव म्हणजे खुल्या बाजारात रोज हलणारा भाव. तैवानची ट्रेंडफोर्स ही संस्था दोन्हींचा मागोवा घेते आणि तिचेच आकडे बहुतेक बातम्यांत फिरतात. सर्व्हर कंपनीच्या ब्रँडची मेमरी विकत असाल, तर कॉन्ट्रॅक्ट भावाकडे पाहावे. त्याचा परिणाम कंपनीच्या दरपत्रकात काही आठवड्यांनी दिसतो. सुटी मेमरी बाजारातून उचलून बसवत असाल, तर स्पॉट भाव आधी बोलतो. दोन्हींत मोठी तफावत पडू लागली, की पुढच्या तिमाहीचा कॉन्ट्रॅक्ट भाव स्पॉटच्या दिशेने सरकेल, असे धरून चालावे.

आता हे कोटेशनवर आणून पाहावे. समजा, दहा लाख रुपयांच्या एका सर्व्हरमध्ये तीन लाखांची मेमरी आहे आणि आपले मार्जिन सहा टक्के, म्हणजे साठ हजार रुपये आहे. कोटेशन पाठवल्यानंतर मेमरी पंचवीस टक्क्यांनी चढली, तर पंचाहत्तर हजारांचा फरक पडतो. साठ हजारांचे मार्जिन संपून वर पंधरा हजार खिशातून जातात आणि बाकीच्या सात लाखांच्या मालात काहीही बदललेले नसते. यावर उपाय म्हणून संपूर्ण कोटेशनची मुदत तीन दिवसांवर आणणारे अनेक जण आहेत. त्याने ग्राहकाच्या खरेदी विभागाची चिडचिड तेवढी होते, कारण त्यांच्याकडे तीन दिवसांत मंजुरीची सहीसुद्धा होत नाही. त्यापेक्षा मुदत ओळीनुसार वेगळी करावी. कोटेशनच्या अटींत असे वाक्य घालावे: ‘मेमरी व एसएसडी यांचे दर कोटेशनच्या तारखेपासून ५ दिवस आणि उर्वरित मालाचे दर ३० दिवस कायम राहतील, त्यानंतर ऑर्डर आल्यास फक्त या दोन ओळी त्या दिवशीच्या दराने सुधारून देण्यात येतील.’ ग्राहकाला कोणता आकडा हलणार आणि कोणता नाही हे आधीच दिसले, म्हणजे घासाघीस त्या एका ओळीपुरती राहते.

निविदेत ही अट चालत नाही. तिथे कंपनीकडून मंजूर झालेला खास दर निविदेच्या पूर्ण मुदतीसाठी कायम राहील, असे लेखी मिळवावे लागते. न मिळाल्यास मेमरीवर वाढ गृहीत धरून भाव भरावा किंवा ती निविदा सोडून द्यावी. निविदा सोडण्याचा निर्णय कागदावर हिशेब मांडून घेतला, तर तो कमीपणाचा वाटत नाही.

भाव चढले, की ग्राहक ‘रॅम थोडी कमी करा’ म्हणतो. ती कमी करतानाही चॅनेलांचा हिशेब मोडू नये. चौथ्या व पाचव्या पिढीच्या झिऑनला प्रत्येक प्रोसेसरमागे आठ मेमरी चॅनेल (प्रोसेसर आणि मेमरी यांमधले मार्ग) असतात, तर एसपी५ च्या एपिकला बारा. एका झिऑनवर २५६ जीबी द्यायचे असेल, तर ३२ जीबीच्या आठ पट्ट्या लावाव्यात. ६४ जीबीच्या चार पट्ट्या लावल्या, तर चार चॅनेल रिकामे राहून मेमरीची गती निम्म्यावर येते आणि ‘नवा सर्व्हर जुन्यापेक्षा हळू’ अशी तक्रार आपल्याकडेच येते. पुढे वाढवायला जागा उरावी म्हणून मोठ्या पट्ट्या लावण्याचा आग्रह ग्राहक धरतो. त्याला ही आठ खणांची गोष्ट कागदावर काढून दाखवावी.

डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या रॅमचे गणित निराळे आहे. मोठ्या उत्पादकांनी तिचे उत्पादन आवरते घेतल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या आणि जुन्या, ‘स्वस्त’ समजल्या जाणाऱ्या या मेमरीचे भावही चढले. डीडीआर४ च्या सर्व्हरमध्ये डीडीआर५ बसत नाही, त्यामुळे तिथे पर्याय नाही. विकलेल्या यंत्रांच्या शीटवरून डीडीआर४ चे ग्राहक गाळून काढावेत आणि त्यांच्यापैकी कोणाला पुढच्या दोन वर्षांत मेमरी वाढवावी लागेल, ते आत्ताच विचारून घ्यावे.

एका ठिकाणच्या संकटाने भाव कसे हलतात, याचे जुने उदाहरण २०११ चे आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला, वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्याखाली गेले आणि हार्ड डिस्कच्या मोटारी बनवणारेही अडकले. काही आठवड्यांतच अनेक डिस्कांचे भाव दुपटीच्या आसपास गेले आणि ते पूर्वपदावर यायला फार काळ लागला. ज्यांनी ‘पूर ओसरला’ ही बातमी वाचून साठा काढून टाकला, त्यांना कारखान्यातून पाणी बाहेर पडणे आणि कारखाना पुन्हा सुरू होणे यांतले अंतर नंतर कळले.

कोर मोजण्याचे काम

प्रोसेसरमधले कोर वाढले, की बातमीत ते कौतुकाने छापले जाते. सॉफ्टवेअरचा परवाना मात्र कोर मोजून विकला जातो, त्यामुळे प्रोसेसर आणि परवाना या दोन ओळी एकाच बैठकीत ठरवाव्यात.

विंडोज सर्व्हरला प्रत्येक प्रोसेसरमागे किमान आठ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान सोळा कोरांचा परवाना लागतो. एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये प्रत्येक प्रोसेसरमागे किमान सोळा कोर धरले जातात. आता आठ कोरांचे दोन प्रोसेसर असलेला सर्व्हर आणि सोळा कोरांचा एकच प्रोसेसर असलेला सर्व्हर शेजारी ठेवून पाहावेत. विंडोजसाठी दोन्हीकडे सोळाच कोर लागतात. व्हीएमवेअरसाठी पहिल्याला बत्तीस कोरांचे पैसे पडतात, दुसऱ्याला सोळांचे. प्रत्यक्ष कोर तेवढेच, पण दरवर्षीचा खर्च दुप्पट. ‘दोन प्रोसेसर म्हणजे दणकट सर्व्हर’ ही समजूत आपल्या बाजारात इतकी घट्ट आहे, की हा हिशेब दाखवल्याशिवाय ग्राहक एका सॉकेटला तयार होत नाही. मात्र तो दाखवताना मेमरीचे खण आणि विस्ताराचे स्लॉट निम्मे होतात, हेही सांगावे.

कंपनीची मालकी बदलली, की परवान्याचे नियमही बदलू शकतात. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. याउलट नुसत्या घोषणेने काही बदलत नाही. एचपीईने ज्युनिपर ही नेटवर्किंग कंपनी घेण्याची घोषणा जानेवारी २०२४ मध्ये केली, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने त्याविरुद्ध दावा लावला, पुढे तडजोड झाली आणि व्यवहार २ जुलै २०२५ रोजी पूर्ण झाला. दीड वर्ष ज्युनिपरचे पार्ट नंबर, दर आणि भागीदार-व्यवस्था होती तशीच चालली. विलीनीकरणाची घोषणा झाली म्हणून लगेच ग्राहकाला घाबरवू नये. व्यवहार पूर्ण झाल्याची बातमी आली, की त्याच आठवड्यात डील रजिस्ट्रेशन (व्यवहाराची कंपनीकडे केलेली नोंद), खास दर आणि नूतनीकरणाच्या तारखा तपासाव्यात.

आधार संपण्याच्या तारखा तर बातमी होण्याची वाट पाहू नयेच, कारण त्या अनेक वर्षे आधी जाहीर झालेल्या असतात. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एसक्यूएल सर्व्हर २०१६ साठी १४ जुलै २०२६ आणि विंडोज सर्व्हर २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ या तारखा मायक्रोसॉफ्टने दिलेल्या आहेत. अंदाजपत्रक मार्चमध्ये बंद करणाऱ्या संस्थेला जानेवारीत संपणाऱ्या आधाराचे पत्र त्याच्या तेरा महिने आधीच्या डिसेंबरपर्यंत मिळाले, तरच त्यावर तरतूद होऊ शकते.

एआयचा सर्व्हर मागणारा ग्राहक

या बातम्यांमुळे येणारी चौकशी बरीच, पण ऑर्डर थोड्या. म्हणून आधी विजेविषयी विचारावे. आठ एच१०० जीपीयू असलेला एनव्हिडियाचा डीजीएक्स सर्व्हर सुमारे १० किलोवॉट घेतो. जीबी२०० एनव्हीएल७२ या पूर्ण रॅकला १२० किलोवॉटच्या आसपास वीज आणि द्रवाने थंड करण्याची सोय लागते. शिवाजीनगरच्या कार्यालयात ५ केव्हीएचा यूपीएस आणि दोन स्प्लिट एसी असतील, तर हा विषय तिथेच संपतो किंवा ऐरोली-महापे भागातल्या डेटा सेंटरात जागा भाड्याने घेण्याकडे वळतो. अनेकांची खरी गरज एनव्हिडियाच्याच ७२ वॉटच्या एल४ किंवा ३५० वॉटच्या एल४०एस या जीपीयू कार्डावर भागते. एल४ साध्या रॅक सर्व्हरमध्येही बसते, एल४०एससाठी मात्र त्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय, रायझर (कार्ड बसवण्याचा जोडभाग) आणि पंखे चालतील का, ते पाहावे लागते.

सरकारी अधिसूचना

भारतातल्या नियमांची बातमी मथळ्यावरून कधीच पुढे पाठवू नये. ३ ऑगस्ट २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन संगणक, अतिलहान संगणक आणि सर्व्हर यांची आयात परवान्याखाली आणणारी अधिसूचना काढली, तीही तात्काळ लागू. दुसऱ्याच दिवशी तिची अंमलबजावणी १ नोव्हेंबर २०२३ पर्यंत पुढे गेली आणि अखेरीस ऑनलाइन आयात-व्यवस्थापन प्रणालीतून मंजुरी घेण्याची पद्धत आली. त्या एका दिवसात ‘सर्व्हर मिळणार नाहीत, आजच ऑर्डर द्या’ असे निरोप ग्राहकांना गेले. ज्यांनी ते पाठवले, त्यांना महिनाभर खुलासे करावे लागले असतील. मूळ अधिसूचना महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तिच्या क्रमांकासह असते. ती उघडून लागू होण्याची तारीख, वस्तूंचे वर्णन आणि सवलती एवढे तीन भाग वाचले, तरी पुरते. ही मंजुरी आयातदाराला लागते. आपण डिस्ट्रिब्युटरकडून घेत असू, तर आपला प्रश्न एवढाच: माल भारतात उतरलेला आहे का, की यायचा आहे? यायचा असेल, तर डिलिव्हरीच्या मुदतीत त्याप्रमाणे वाढ करावी.

सर्व्हरला भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणीही लागते. ही नोंदणी ब्रँड आणि उत्पादनाबरोबर कारखान्याशीही बांधलेली असते. त्यामुळे ‘अमुक कंपनीने उत्पादन दुसऱ्या देशात हलवले’ या बातमीचा आपल्यासाठीचा अर्थ असा, की नव्या कारखान्यातून येणाऱ्या त्याच मॉडेलसाठी वेगळा नोंदणी क्रमांक लागेल आणि तो मिळेपर्यंत पुरवठा अडू शकतो. यंत्रावरील आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर घालून पाहता येतो. समांतर मार्गाने आलेला स्वस्त माल ओळखण्यासाठीही ही तपासणी उपयोगी पडते.

सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर बोली भरणाऱ्यांनी ‘भारतात बनलेला सर्व्हर’ या बातम्यांत स्थानिक अंशाची टक्केवारी शोधावी. सार्वजनिक खरेदीतील मेक इन इंडिया प्राधान्याच्या २०१७ च्या आदेशाखाली पहिल्या वर्गातील स्थानिक पुरवठादार ठरण्यासाठी किमान ५० टक्के स्थानिक अंश लागतो. वाहतूक, विमा, यंत्र बसवून देणे, प्रशिक्षण आणि देखभाल या आपल्या सेवा त्यात मोजता येत नाहीत. प्रमाणपत्र कंपनीकडून मॉडेलनिहाय घ्यावे. कारखान्याच्या उद्घाटनाचे वृत्त बोलीला जोडून उपयोग नाही.

दोषांच्या बातम्या आणि विकलेली यंत्रे

दोष आणि सुरक्षेच्या सूचनांकडे रिसेलर सहसा पाहत नाही, कारण त्यात विक्री दिसत नाही. पण वार्षिक देखभालीचा करार टिकवायचा असेल, तर या बातम्या सगळ्यांत मोलाच्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने काही एसएएस एसएसडींबद्दल सूचना काढली: विशिष्ट फर्मवेअर (डिस्कच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) असलेली डिस्क ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडेल आणि तिच्यातला डेटा परत मिळणार नाही. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. मार्च २०२० मध्ये आणखी काही डिस्कांसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली. एका सर्व्हरमधल्या सगळ्या डिस्का एकाच दिवशी सुरू झालेल्या असतात, त्यामुळे त्या जवळजवळ एकाच वेळी बंद पडणार आणि रेडचा (एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचवणाऱ्या मांडणीचा) काही उपयोग होणार नाही, हे यातले खरे भय. उपाय फक्त फर्मवेअर बदलण्याचा होता.

अशी सूचना आली, की विकलेल्या यंत्रांच्या शीटमधून ते मॉडेल गाळावे, बसवल्याच्या तारखेवरून तास काढावेत आणि ज्याचे तास सर्वांत जास्त झाले असतील त्या ग्राहकाकडे आधी जावे. बॅकअप तपासल्याशिवाय फर्मवेअरला हात लावू नये. सर्व्हर दुरून हाताळण्यासाठी असलेल्या बीएमसी चिपमधल्या त्रुटींनाही हेच लागू आहे. मार्च २०२५ मध्ये एएमआयच्या मेगारॅक या बीएमसी सॉफ्टवेअरमध्ये ओळख न पटवताच आत शिरू देणारी त्रुटी जाहीर झाली आणि जूनमध्ये अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेने तिचा प्रत्यक्ष गैरवापर होणाऱ्या त्रुटींच्या यादीत समावेश केला. मेगारॅक अनेक कंपन्यांच्या बोर्डांवर असते, त्यामुळे बातमीत आपल्या ब्रँडचे नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नये. आणि बीएमसीचा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवलेला आढळला, तर तो त्याच भेटीत बंद करावा.

डिस्ट्रिब्युटरसुद्धा बातमीत येऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये इंग्राम मायक्रोवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि जगभर त्यांची ऑर्डर घेण्याची यंत्रणा काही दिवस बंद होती. किमान दोन डिस्ट्रिब्युटरांकडे खाते उघडे आणि क्रेडिट मर्यादा मंजूर असावी, एवढा बोध त्यातून पुरे.

किती वेळ द्यावा आणि ग्राहकाला काय लिहावे

रोज सकाळी पंधरा मिनिटे मथळ्यांसाठी आणि आठवड्यातून एकदा तासभर शीट समोर ठेवून बसण्यासाठी, एवढा वेळ लहान व्यवसायाला पुरतो. व्हॉट्सअॅपवर डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समनकडून येणारी ‘उद्यापासून भाव वाढणार’ ही सूचना खोटी असेलच असे नाही, पण महिनाअखेर जवळ असेल तर ती जरा सावधपणे वाचावी. नव्या दरपत्रकाची तारीख असलेला ईमेल मागितला, की खरे-खोटे लगेच कळते. मोठ्या नियतकालिकाचे नावही पुरेसा पुरावा ठरत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्लूमबर्गने सुपरमायक्रोच्या मदरबोर्डांवर चिनी हेरगिरीची चिप असल्याचे वृत्त दिले. अॅपल, अॅमेझॉन आणि सुपरमायक्रो या तिघांनी ते ठामपणे नाकारले आणि तशी चिप जाहीरपणे कोणीही दाखवली नाही. अशा बातमीवर ग्राहकाने विचारल्यास वृत्त आणि इन्कार, दोन्ही सांगावेत आणि बदली मालाची घाई करू नये.

ग्राहकाला पत्र पाठवायचे, ते त्याच्या कोटेशनपुरते असावे. उदाहरणार्थ: ‘आपल्याला दिनांक ४ रोजी दिलेल्या कोटेशनमधील ओळ ३, म्हणजे ३२ जीबीच्या आठ मेमरी पट्ट्या, यांचा दर कंपनीने दिनांक १२ पासून वाढवला आहे. सोबत सुधारित ओळ जोडली आहे. अन्य ओळींत बदल नाही. ऑर्डर दिनांक ११ पर्यंत मिळाल्यास जुना दर लागू राहील.’ या पत्रात जागतिक टंचाईचा निबंध नको आणि भाव पुढे किती चढतील, हे भाकीतही नको. ते चुकले, तर पुढचे पत्र कोणी वाचणार नाही. कंपनीच्या दरवाढीचा ईमेल मागितला गेला तरच दाखवावा, आणि दाखवताना आपला खरेदी दर झाकावा. पत्राची प्रत कोटेशनच्या नोंदीला जोडून ठेवावी, म्हणजे सहा महिन्यांनी ग्राहकाच्या लेखापरीक्षकाने दर का बदलला असे विचारले, तर तारखेसकट कागद हाताशी असतो.